सुलैच्या यार्डातलं शीड

आमच्या घराण्याचं सौदीतलं बस्तान एका उडालेल्या तंबूने बसलं, असं मी चारचौघांत सांगितलं की आमच्या ह्यांचं तोंड वाकडं होतं. त्यांच्या मते ते मेहनतीने आणि अल्लाच्या कृपेने बसलं. मी कुठे नाही म्हणते? पण मेहनत सगळेच करतात. तंबू फक्त आमचाच उडाला.

माझे सासरे, ज्यांना आम्ही सगळे बावा म्हणायचो, रत्नागिरीकडच्या एका खाडीवर शिडं शिवायचे. गलबतांची, मचव्यांची, जे पाण्यावर जाईल त्याची. शीड शिवणाऱ्याला एक गोष्ट बाळपणापासून हाताला लागलेली असते. कापडाची कड तो कधी सरळ काढत नाही. थोडी फुगीर काढतो, म्हणजे वारा भरला की शिडाला पोट येतं आणि होडी पळते. पोट नसलेलं शीड म्हणजे वाळत घातलेली चादर, असं बावा म्हणायचे. दुसरी एक गोष्ट होती ती रीत. शिवायला घेतलेल्या शिडाला बाईमाणसाने हात लावायचा नाही. माझी सासू घरात बसून दोरा वळायची, त्याला मेण चोळायची, पण किनाऱ्यावरच्या छपराखाली शीड पसरलेलं असलं की ती दोरा उंबऱ्याबाहेर ठेवून परत फिरायची. मी लग्न होऊन आले त्याच्या आधीच ती गेली. हे सगळं मला बावांकडूनच कळलं.

पुढे मचव्यांवर इंजिनं आली आणि शिडांचं काम आटलं. बावा एक हंगाम मुंबईच्या गोदीत काम करायला गेले. परत आले तर किनाऱ्यावर त्यांच्या छपराच्या जागी बर्फाची वखार उभी. कुणी मुद्दाम वाईट केलं नव्हतं. जागा रिकामी दिसली, कुणीतरी भरली. बावा भांडले नाहीत. त्यांनी सुया आणि चामडं गुंडाळलं आणि जेद्द्याला गेले. चामडं म्हणजे तळहातावर बांधायचा जाड चामड्याचा तुकडा, मध्ये लोखंडाची चकती. जाड कापडातून सुई हातानेच रेटायची तर ते लागतंच.

जेद्द्याच्या जुन्या बाजारात, बलदमध्ये, हमाली करताना त्यांनी कुणाच्या लॉरीची फाटलेली ताडपत्री हातशिलाईने सांधली. लॉरीचा मालक रियाधचा व्यापारी. त्याने ती शिवण ओढून पाहिली, पुन्हा ओढून पाहिली आणि बावांना सोबत घेऊन गेला. तोच आमचा कफील झाला, म्हणजे सौदीत आमची हमी घेणारा मालक. त्याने रियाधच्या कडेला, सुलैमध्ये त्यांना एक यार्ड दिलं. यार्ड म्हणजे चार बाजूंना पत्रा आणि मध्ये वाळू. पाणी टँकरने यायचं, कधी यायचंही नाही. पहिला उन्हाळा बावांनी शिवायच्या कापडाखालीच काढला.

कफीलने पहिलं काम दिलं ते तंबूचं. पाहुण्यांना कॉफीला बसवायचा चांगला मोठा तंबू. बावांनी जीव ओतून शिवला आणि हाताला जे येत होतं तेच केलं, चारही बाजूंना झकास पोट काढलं. पाहुणे आत बसले, कॉफी फिरली आणि वारा सुटला. तंबूने वारा पोटात घेतला आणि खुंट्यांसकट उठला तो पत्र्याच्या कुंपणावर जाऊन बसला. पाहुणे हातात पेले धरून उघड्यावर. कफीलचा लहानगा मुलगा तेवढा टाळ्या पिटत होता. बावांना वाटलं, खलास, आता परतीचं जहाज. पण कफील हसून हसून आडवा झाला. "मी तंबू मागितला," तो म्हणाला, "तू जहाज शिवलंस."

ही गोष्ट मी लग्नानंतर इतक्यांदा ऐकली की बावा "आणि वारा" म्हणाले की पुढचं मीच सांगायचे. बावा मग तंबू शिवायला शिकले. शिडाने वारा धरायचा, तंबूने सोडायचा, एवढाच तर फरक. पण तो हाताला कळायला त्यांना बराच काळ लागला.

मी रियाधला उतरले तेव्हा माझ्या डोक्यात सौदी म्हणजे काचेच्या इमारती होत्या. आमचे हे मला आणि कडेवरच्या पोरीला विमानतळावरून सरळ सुलैला घेऊन आले. गोदामं, भंगार, लॉऱ्या आणि यार्डाच्या मागे लाकडी केबिनच्या दोन खोल्या. पिठात वाळू, मिठात वाळू, लहान पोरीच्या कानात वाळू. मी पहिले काही महिने रोज भांडले. वाऱ्याशी भांडले, टँकरवाल्याशी हिंदीत भांडले, आमच्या ह्यांच्याशी तर सवडीने भांडले. बावांशी मात्र भांडता येत नसे. ते भांडण सुरू व्हायच्या आतच "चा ठेव गो" म्हणायचे.

पण हळूहळू ती वाळू घर झाली. कपडे धुतलेलं पाणी मी एका कोपऱ्यात ओतायची. तिथे गावाहून आणलेलं शेवग्याचं बी टाकलं, ते आलं. शेंगा धरल्या त्या दिवशी मी पहिल्यांदा यार्डाला "आपलं" म्हटलं. एका शिलाई मशीनच्या जागी ओळीने मशीनं आली. गावाकडची पोरं इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, घेऊन आली की पहिल्यांदा आमच्याकडे उतरायची, शिवण शिकायची, मग कुणी टायरचं दुकान टाकायचा, कुणी खमीस मुशैतला पडद्यांच्या धंद्यात शिरायचा. शुक्रवारी नमाजानंतर सगळी परत आमच्याच दारात, सांदणं आणि मटण खायला. गावात ज्या घरांवर आज पक्की छपरं दिसतात त्यांतली निम्मी त्या वाळूतून उगवली. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. आटा मी मळलाय, मला माहीत आहे.

मग इराकची फौज कुवेतमध्ये शिरली. कुवेतच्या नंबराच्या गाड्या टपावर गाद्या बांधून रियाधमध्ये दिसू लागल्या. सुरुवातीला तर आमचं काम वाढलंच. लॉऱ्यांच्या ताडपत्र्या, झाकणं, तंबू. पुढे लोक गॅसच्या बॉम्बबद्दल बोलू लागले आणि तोंडचं पाणी पळालं. ओळखीच्या बायका मुलांना घेऊन एकेक करून निघाल्या. आमच्या पोरीची शाळा ओस पडली. ती तिसरीत होती. मी मराठीत विचारलं की ती हिंदीत उत्तर द्यायची. "मम्मी, मेरी सारी फ्रेंड्स चली गयीं."

कफील आता थकला होता. धंदा त्याचा मुलगा बघायचा, तोच टाळ्या पिटणारा, आता परदेशात शिकून आलेला. एका सकाळी कफील आला, त्याच्याकडे असायचे ते आमचे सगळ्यांचे पासपोर्ट बावांच्या पुढ्यात ठेवले, परत येण्याच्या शिक्क्यांसकट, आणि म्हणाला, "जा. आधी लेकरं." मग थोडा घुटमळून जे खरं होतं तेही त्याने सांगितलं. सामान साठवायला जागा हवी म्हणून लोक मुलाच्या मागे लागले होते. मुलाला यार्ड गोदामासाठी हवं होतं. "चालतं दुकान मी त्याला हलवू देणार नाही," कफील म्हणाला. "पण मशीनं बंद पडली, तर त्याला अडवायला माझ्याकडे तोंड नाही."

कफील गेला आणि आमच्या घरात वेगळीच लढाई सुरू झाली. कामाची पोरं घाबरली होती, त्यांना बावांनी स्वतः यल्ला म्हणून पिटाळलं. मग आम्हाला म्हणाले, "तुमी तिगं जावा. मी बसतो मशीनवर."

"एकटे?" आमचे हे म्हणाले.

"पैला आलो तवा कोण होता?"

आमचे हे बापाला सोडून जायला तयार नाहीत. मला म्हणाले, तू पोरीला घेऊन जा. मी म्हटलं, गावात बसून रेडिओला कान लावून मरण्यापेक्षा इथे जे होईल ते होईल. पण मनातून मी इतकी चिडले होते की बावांसमोर पहिल्यांदा आवाज चढला. "वाळूच्या तुकड्यासाठी नातीचा जीव टांगणीला लावायचा?" मी विचारलं.

बावांनी चहा मागितला नाही. म्हणाले, "एकदा जागा सोडून गेलो, एका हंगामापुरती. परत आलो तर माझ्या छपराच्या जागी लोक बर्फ विकत व्हते. आता या वयात मना तिसरी जागा कुठं मिळंल, सांग." मग हळूच म्हणाले, "पोरीला तू ने. मना राग नाय."

मी बॅगा भरल्या होत्या. रिकाम्या केल्या. शहाणपणा केला की वेडेपणा, तेव्हाही ठरवता आलं नाही, आजही येत नाही. पण ते छप्पर गेलं तेव्हा त्या माणसाजवळ कुणीच नव्हतं, ही गोष्ट काही केल्या मनातून जाईना. पुढे लढाई सुरू झाली, विमानं बंद झाली आणि विचार करायची सोयच उरली नाही.

सरकारने सांगितलं होतं की घरातली एक खोली प्लास्टिकने, चिकटपट्टीने बंद करा. बाजारात चिकटपट्टी औषधाला उरली नव्हती. बावा म्हणाले, पट्टी कशाला, शिवूया. त्यांनी खोलीच्या आत दुहेरी ताडपत्रीची दुसरी खोलीच शिवली आणि शिवणींतून हवासुद्धा जाऊ नये म्हणून गावाहून जपून आणलेला मुशीच्या तेलाचा डबा काढला. त्या माशाच्या तेलाने आमच्याकडे होड्या माखतात. होडी समुद्रावर असते म्हणून ते चालतं. बंद खोलीत त्या वासाने डोळ्यांतून पाणी काढलं. पहिला भोंगा वाजला तेव्हा आम्ही चौघं त्यात शिरलो, बाहेर कुठेतरी धडधडत होतं आणि पोरगी ओढणी नाकावर दाबून आजोबांना म्हणाली, "दादा, इससे तो गैस अच्छी है." आम्ही हसलो. बावा मात्र खरंच दुखावले. असलं तेल आता मिळत नाही, असं म्हणत बसले.

दिवसा मशीनं चालवायची होती. यार्डातल्या शेडचं शटर ओढून घेतलं की आत आम्हीच. आमचे हे मशीनवर बसत, कापड मी धरायची. पण ताडपत्रीचे कोपरे आणि कडेचा दोर हातानेच शिवावे लागत. ते काम पोरं करायची. आता ते बावांकडे आलं आणि त्यांची बोटं साथ देईनात. सांधे सुजून वांग्यासारखे झाले. लॉऱ्यांचं काम अडलं. कफीलचा मुलगा एकदा गाडी बाहेर उभी करून नुसता आवाज ऐकून गेला, मशीन चालू आहे की नाही ते. मी म्हटलं, "बावा, चामडं मला द्या."

"बाईमाणसाचं नाय ते."

"हे शीड नाही. ताडपत्री आहे."

"शिवण तीच हाय," ते म्हणाले आणि सुजल्या बोटांनी पुन्हा सुई रेटू लागले. आमच्या ह्यांनी मला डोळ्यांनी गप्प केलं. मी त्या दिवशीची भाकरी मुद्दाम करपवली.

दुसऱ्या सकाळी मी स्वयंपाकाला उठले तर ओट्यावर, पोळपाटाच्या शेजारी, चामडं ठेवलेलं. वर एक सुई टोचलेली. बावा बाहेर शेवग्याला पाणी घालत होते, पाठ करून. चामडं माझ्या हाताला मोठं होतं, मी दोरीने आवळलं.

मग त्यांनी मला शिकवलं. हात न लावता, तीन हात लांब बसून, नुसत्या तोंडाने. सुई तिरकी घाल. मागचा टाका मोजू नको, अंगठ्याने चाचप. कड ताणून मारू नको, मरते ती, थोडी सैल सोड. मला वाटायचं ते ताडपत्री शिकवतायत. पण बोलताना ते कुठेतरी खाडीवर असायचे. कधीकधी "वारा उजवीकडून येतोय असं धर" म्हणायचे आणि सुलैच्या बंद शेडमध्ये पंखादेखील बंद असायचा. माझे तळहात सोलले, मग घट्टे पडले. ताडपत्र्या वेळेवर जात राहिल्या. मशीन एकही दिवस बंद राहिलं नाही आणि त्या घट्ट्यांचा मला दागिन्यांपेक्षा जास्त तोरा होता.

लढाई थांबली. कुवेतच्या पेटलेल्या तेलविहिरींच्या धुराने आकाश कित्येक दिवस मळकट होतं, पण भोंगे थांबले. कफीलचा निरोप आला: मुलाला घेऊन येतो, जागेचं बसून ठरवू, कॉफीला एक तंबू उभारा. त्याच आठवड्यात बावा तापाने पडले आणि आमचे हे माल पोचवायला दम्मामला गेलेले. मी म्हटलं, मी शिवते. अख्खा तंबू, कापण्यापासून. मला सगळ्यांना दाखवायचं होतं. जागा आमची राहणार की जाणार ते त्या बैठकीत ठरणार होतं, आणि मी असा तंबू शिवणार होते की तो बघूनच प्रश्न मिटावा.

शिवला. आमचे हे परत आले, त्यांनी पाहुणे यायच्या घाईत तो उभारला. बावा ताप उतरून, शाल गुंडाळून बाहेर आले आणि बसले. मी केबिनच्या खिडकीत, पडद्यामागे. कफील आला, मुलगा आला. कॉफी फिरली. मुलगा अदबीने, पण स्वच्छ बोलत होता. जागेचं भाडं, गोदाम, तुम्हाला शहराबाहेर दुसरीकडे बघू. बावा खाली बघून ऐकत होते. तिसरी जागा, मी मनात म्हटलं.

आणि वारा सुटला.

खिडकीतून मी तंबूच्या भिंती हळूहळू फुगताना पाहिल्या आणि मला कळलं. हाताला दुसरं काही शिकवलंच नव्हतं. ती गोष्ट शंभरदा हसत ऐकलेल्या बाईने चारही बाजूंना सुरेख पोट काढलं होतं. तंबू उठला. खुंट्या उपटल्या, दोर सुटले आणि तो कुंपणाकडे जाऊन कोपऱ्यातल्या शेवग्यात अडकला. कफील, मुलगा, आमचे हे आणि बावा, चौघं उघड्यावर, हातात पेले. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. मला वाटलं, संपलं. लढाईने नाही घालवलं ते मी घालवलं.

मग कफीलच्या खांद्यांना हादरे बसू लागले. त्याने डोळे पुसत विचारलं, "कुणी शिवला?"

बावांनी खिडकीकडे हात केला. "बिन्ती," ते म्हणाले. माझी मुलगी. सून म्हणाले नाहीत.

"शंकाच नाही," कफील म्हणाला. "दुसऱ्या कुणाला जमलं नसतं."

मुलगा मात्र हसत नव्हता. तो शेवग्यात फडफडणाऱ्या तंबूकडे बघत होता. "मी त्यात होतो," तो बापाला म्हणाला. "पहिल्या तंबूत. मला वाटायचं मी ते स्वप्नात बघितलंय." त्याने उठून कपड्यांवरची कॉफी झटकली आणि आणखी मागितली. जागेचा विषय त्याने पुन्हा काढला नाही. निघताना आमच्या ह्यांना एवढंच म्हणाला की गोदामाला दुसरीकडे बघतो. पुढे बरीच वर्षं, त्याचे वडील गेल्यानंतरही, यार्ड आमच्याकडेच राहिलं.

ते गेल्यावर मी बाहेर आले. आमच्या ह्यांनी तंबू झाडावरून उतरवला. बावांनी तो वाळूत पसरायला लावला आणि स्वतः कडेकडेने गुडघ्यांवर फिरत सुजल्या अंगठ्याने माझी शिवण चाचपत गेले, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"बावा, चुकलं माझं," मी म्हटलं.

"तंबू म्हणून चुकलं," ते म्हणाले. "शीड म्हणून बघ. आमच्या खाडीत आता असं कोण शिवत नाय."

ते कडेवर हात ठेवून तसेच बसून राहिले.

"तुझ्या सासूनं एकदा सुई मागितली व्हती," बावा म्हणाले. "मी दिली नाय."